मालेतली चूल

माझी आई चांगुणाबाई एखाद्या घरी चहा प्याली की आमच्या बीदरकडच्या संतपुरात ते लग्न ठरलं म्हणून समजतात. न पिता उठली तर मोडलं. असा नियम कुणी केलेला नाही, पण आमच्या बौद्ध वस्तीत मुलगी द्यायची म्हटलं की मुलाचं घर बघायला जाणाऱ्या जीपमध्ये एक जागा आईसाठी धरलेली असते. पुरुष मंडळी बैठकीत बसून शेत किती, नोकरी कुठली, पाहुणे कोण असलं बोलत बसतात. आई बसतच नाही. ती सरळ आत जाते. रांजणावरचं झाकण काढून पाणी बघते, पिठाच्या डब्यात हात घालते, न्हाणीला दार आहे का ते बघते आणि शेवटी चुलीपाशी जाऊन म्हणते, "सरका बाई, आदन मी ठिवते." आता घरोघरी गॅस आलाय, तरी ती चूलच म्हणते. ती स्वतःच्या हातानं पेटवायची, त्या घरातल्या बायका काय बोलतात आणि काय बोलत नाहीत ते ऐकायचं. मग चहा प्यायचा, नाहीतर पदर खोचून बाहेर यायचं.

ही खोड तिला माझ्यामुळं लागली. माझ्या वेळी घर बघायला निघाले तेव्हा आई तापानं पडली होती. वडील आणि भावकीतले चार शहाणे गेले. ओसरीवर ज्वारीची पोती बघितली, आत फ्रीज बघितला, चहा प्याले, ढेकर देऊन परत आले. पोती शेजाऱ्याची होती आणि फ्रीज चुलतसासऱ्याचा. हळद उतरायच्या आत दोन्ही जिथले तिथं गेले. राहिला तो नवरा, आणि त्याचं तोंड उघडलं की खोटं. मी एक पिशवी घेऊन परत आले, डी.एड. केलं, आता ठाणाकुशनूरला मराठी शाळेत शिकवते. वडील गेले. आईनं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही, पण मागून आणलेल्या घराचा तिला जो राग बसला तो बसलाच.

तिचं नाव वस्तीबाहेर गेलं ते लिंगम्मामुळं. लिंगम्मा गावातली लिंगायताची, मोठ्या शेताची. तिनंही आपल्या मुलीच्या वेळी आईला सोबत नेलं. पण त्या घरी पोचल्यावर हळूच म्हणाली, "चांगुणा, तू दारातनंच बघ की. उगं त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना..." आई उंबऱ्यावरून मागं फिरली. जीपकडं न बघता चालत सडकेपर्यंत आली, बस धरली आणि घरी येऊन भाकऱ्या थापायला बसली. "चुलीला हात लावू देत न्हाईत ते घर मी बघितलं म्हणून कशी सांगू?" एवढंच बोलली. दुसऱ्या आठवड्यात लिंगम्मा स्वतः आमच्या दारात. "चल माय, आत चल, मी सांगितलंय त्यांना." आई गेली, त्यांच्या चुलीवर आदन ठेवलं, चहा प्याली. माझा धाकटा भाऊ धम्मानंद तेव्हा शाळकरी पोर, दोन्ही वेळा दप्तरासकट आईच्या मागं गेलेला. आई मागं फिरली तेही त्यानं बघितलं आणि आत गेली तेही बघितलं. म्हणूनच पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं.

धम्मानं बीदरला आयटीआय केलं, एसीचं काम शिकला आणि एका एजंटाच्या ओळखीनं मालदीवला गेला. त्या देशाची राजधानी माले. सगळं शहर एका बेटावर. तिथून तो फोटो पाठवायचा. निळा समुद्र, गॉगल, मागं नारळ. "कंपनीनं फ्लॅट दिलाय," म्हणायचा. वस्तीत धम्माचं कौतुक व्हायला लागलं आणि मंठाळहून प्रियंकाचं स्थळ आलं. डी.फार्म. झालेली, बसवकल्याणला औषधाच्या दुकानात काम करणारी मुलगी. फोनवर दोघांचं बोलणं झालं, एकमेकांना पसंत पडले. मला वाटलं, झालं एकदाचं.

पण प्रियंकाचे वडील मारोतीमामा आमच्या घरी आले आणि आईसमोर हात जोडून बसले. "चांगुणाबाई, पोरगा तुमचा, सोनंच असंल. पर घर बघायची रीत तुमीच घातलाव. समुद्रापार आमच्याकडनं कोण जाणार? तुमीच जावा. पोराची माय म्हणून नगं, माज्या पोरीची माय म्हणून जावा. तुमी तिथं चहा पिलाव म्हणून सांगितलाव की मी पोरगी दिली."

दुसरी कुणी असती तर हसून म्हणाली असती, माझ्याच पोराचं घर मी काय बघू? आई म्हणाली, "व्हय. जाते." आणि कपाटातून माझं पासपोर्ट ऑफिसचं चिठोरं काढून माझ्या हातात दिलं. मी शाळेच्या सुट्टीत कुठंतरी जायचं म्हणून पासपोर्ट काढून ठेवला होता. आता तिचा काढायचा, आणि सोबत मी.

धम्माला कळवलं तेव्हा तो आनंदानं उडी मारेल असं मला वाटलं होतं. पण तो म्हणाला, "आत्ता लई गरम असतंय अक्का. दिवाळीनंतर या की." आई पलीकडून ओरडली, "गरम तर हितंबी हाय!" मग त्यानं तारीख दिली, तीही त्याच्याच सोयीची. या या दिवसांतच या, म्हणाला. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

आईनं बॅगेत ज्वारीचं पीठ घेतलं, काळं तिखट घेतलं आणि सुकटीची पुडी घेतली. मी म्हटलं, "माय, सगळा देश माशावर जगतोय अन् तू तिथं सुकट न्यायलीस?" ती म्हणाली, "त्यांची ती त्यांची. माज्या पोराला उदगीरच्या बाजारातलीच लागते." बंगळुरूहून विमानात बसलो. मालेच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं इंग्रजीत विचारलं, कशासाठी आलात? आई मराठीत म्हणाली, "घर बघायला." मी घाईनं म्हटलं, टुरिस्ट, टुरिस्ट. त्यानं शिक्का मारला.

विमानतळ एका बेटावर आणि शहर दुसऱ्यावर. मधल्या पुलावरून टॅक्सी गेली तेव्हा दोन्ही बाजूला असलं निळं पाणी की आईनं पदर तोंडावर धरला. पण पूल संपला आणि शहर सुरू झालं तसं ते निळं कुठल्या कुठं गेलं. उंच इमारती एकमेकींना चिकटून उभ्या, मधे बांधाएवढे रस्ते, आणि रस्त्यावर मोटारसायकली. लावलेल्या, चालणाऱ्या, फुटपाथवर चढलेल्या. बाजाराच्या दिवशी औरादला गर्दी असते, पण ती संध्याकाळी आपापल्या गावाला जाते. ही गर्दी कुठं जाणार? चारी बाजूंनी पाणी. चालत चालत जाल तिथं रस्ता संपतो आणि समुद्र पुढं येऊन उभा राहतो. मला त्या शहराची दया येत होती आणि वैतागही.

धम्मा आम्हाला एका चांगल्या इमारतीत घेऊन गेला. लिफ्ट, फरशी लख्ख, दोन खोल्या, पडदे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. आईनं फोटोला हात जोडले आणि जरा जास्तच वेळ तिथं उभी राहिली. मग किचनकडं वळली. दार ओढून घेतलेलं.

"पाईप गळालाय माय, माणूस येणार हाय. आत पाणी हाय, घसरशील."

"मग चहा?"

"आणतो की खालून. तू टुरिस्ट हायस. टुरिस्ट लोक काय स्वयंपाक करत्यात व्हय?"

त्यानं कागदी कपात चहा आणला. आईनं कप हातात धरला आणि खिडकीत ठेवून दिला. घर बघून झाल्याशिवाय ती पीत नाही, हे धम्माला माहीत. तो माझ्याकडं बघून हसला. मीही हसले, मूर्खासारखी.

मग सुरू झालं आमचं टुरिस्टपण. त्यानं सुट्टी काढली होती. मासळी बाजारात नेलं, तिथं माणसाएवढे ट्यूना फरशीवर पडलेले आणि ते कापणाऱ्यांचा हात असा चालायचा की आई बघतच राहिली. मोठ्या झेंड्याच्या चौकात कबुतरं दाखवली. पोवळ्याच्या दगडाची जुनी मशीद बाहेरून दाखवली. वाळू आणून टाकलेल्या समुद्रकाठी नेलं, तिथं बायका अंगभर कपड्यात पाण्यात डुंबत होत्या ते आईला फार आवडलं. प्रत्येक ठिकाणी फोटो. धम्मा ते लगेच मंठाळला पाठवायचा. आणि जेवण रोज डब्यात बांधून आणलेलं. रोज कागदी कप. दोन घोट चहाशिवाय ज्या बाईला सकाळी डोळे उघडता येत नाहीत ती आई रोज तो कप खिडकीत नेऊन ठेवायची. डोकं दुखायला लागलं म्हणून कपाळाला फडकं बांधून कबुतरं बघत फिरली. मी म्हटलं, "माय, पी की आता. पोराचंच घर हाय." ती म्हणाली, "कुणाचं हाय ते बघू दे आधी."

पाईप बघायला कुणी आलं नाही.

एके सकाळी धम्मा नाश्ता आणायला खाली गेला तसं आईनं किचनचं दार ढकललं. फरशी कोरडी खडखडीत. नळ ठणठणीत. ओट्यावर सगळं पुसून झाकून ठेवलेलं. आईनं एकेक कप्पा उघडला. डाळी होत्या, गूळ होता, चिंच होती, मेतकूट होतं. ती खाली वाकली, टोपल्या बघितल्या, मग उठून माझ्याकडं वळली.

"पंचे, कांदा कुठाय?"

"संपला असंल."

"लसूणबी संपला? टरफल न्हाई कुठं. डब्याला वास न्हाई. ज्या पोराला कांदा फोडल्याबिगर भाकरी गिळत न्हाई, त्याच्या घरात कांद्याचं टरफल न्हाई?" तिनं मला हाताला धरून बाहेरच्या खोलीत आणलं आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं केलं. फोटोच्या चारी बाजूंनी भिंतीवर फिका चौकोन होता, फोटोपेक्षा दुप्पट मोठा. तिथं आधी दुसरंच काहीतरी वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. "आल्या आल्याच बघितलं हुतं मी. म्हणलं नसंल, उगं वाईट कामून बोलायचं. हे घर मागून आणलेलं हाय, पंचे. तुज्या फ्रीजवानी."

आई परत किचनमध्ये गेली, बॅगेतलं पीठ काढलं, परातीत ओतलं आणि गॅसच्या बटणाला हात घातला. तेवढ्यात धम्मा आला. हातातल्या पिशव्या तिथंच टाकून तो धावला.

"माय! पेटवू नको! पाया पडतो, गॅस पेटवू नको!"

"कामून?"

"पेटवू नको म्हणलो ना!"

"कामून, रे?"

मग सगळं बाहेर आलं. घर नीलेश सरांचं. बीदरचे, इथल्या शाळेत गणित शिकवतात. वडील रामाचार्य तिकडं मोठे पंडित. सर सुट्टीला बायको सुकन्याला घेऊन गावी गेले होते. त्यांचा एसी धम्मानं कधीतरी दुरुस्त केला होता, बोलण्यातून एकाच जिल्ह्याचे निघाले, ओळख वाढली. आई येणार म्हटल्यावर त्यानं रडगाणं लावलं आणि सरांनी किल्ली दिली. फुकट. फक्त एक सांगितलं, किचन वापरू नका.

"मांस-मच्छीचं म्हणून, माय. त्यांच्यात चालत न्हाई. दुसरं काय न्हाई."

आईचा आवाज एकदम खाली आला. तिचा आवाज चढलेला असतो तेव्हा मी भीत नाही. खाली आला की भीते. "बरं. मग मी सुकट करत न्हाई. कांदाबी न्हाई. वरण-भात करते. लाव फोन तुज्या सराला, विचार चालंल का."

"राहू दे ना माय."

"लाव."

त्यानं लावला. स्पीकरवर. नीलेश सरांचा आवाज इतका गोड की फोनमधून साखर सांडावी. "अरे वा, काकू पोचल्या का? कसं वाटलं माले? लहान आहे, पण छान आहे." धम्मानं चाचरत विचारलं. मग सर म्हणाले, "नाही, तसं काही नाही हो काकू, मी अजिबात मानत नाही असलं. पण माझ्या आई येणार आहेत पुढच्या महिन्यात राहायला. त्यांचं तुम्हाला माहीत नाही, फार कडक. त्यांना कळलं तर उगाच त्यांच्या मनाला... आणि तुम्ही फिरायला आलात, कशाला त्या चुलीपाशी? इथं केवढी हॉटेलं आहेत!"

म्हणजे मासळीचा प्रश्नच नव्हता. वरणाचा पण नव्हता. प्रश्न आईच्या हाताचा होता. मला वाटलं तो फोन घेऊन खिडकीतून खाली त्या मोटारसायकलींवर फेकावा. मानत नाही म्हणे! मानत नाही तर कुणाला घाबरून सांगत होता? गोड बोलून उंबऱ्यावर उभं करायचं, ही यांची सुधारणा. लिंगम्मा परवडली, तिनं निदान दुसऱ्या आठवड्यात येऊन दार उघडलं.

आई फोनजवळ वाकली. "सर, घर दिलाव, उपकार झाले. किल्ली खाली वॉचमनकडं ठिवते. गॅस पेटवला न्हाई. पाणी बाटलीतलंच पिलो." आणि परातीतलं पीठ मुठीमुठीनं परत पिशवीत भरायला लागली. एक कणसुद्धा तिथं राहू दिला नाही. मग बाबासाहेबांचा फोटो उतरवला, पदरानं पुसला आणि आपल्या साड्यांच्या घडीत ठेवला.

"आता तुझं घर दाव," ती धम्माला म्हणाली.

तो आमच्या बॅगा घेऊन पुढं चालायला लागला. बाजारामागची एक गल्ली, तिच्यात आणखी एक गल्ली, अंधारा जिना. वर एक खोली, भिंतीला लावून वर-खाली लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेला लुंगीचा नाहीतर चादरीचा पडदा. भिंतीला दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे. धम्मानं एका पडद्याकडं बोट केलं. आईनं तो बाजूला सारला. आत दुसराच माणूस झोपला होता. एक बांगलादेशी पोरगा, रात्रपाळीचा. धम्मा रात्री त्या खाटेवर झोपायचा आणि तो दिवसा. उशी मात्र आईनं ओळखली. तिनंच शिवून दिली होती, तिच्या जुन्या लुगड्याची. तिनं पडदा हळूच सोडला.

खोलीबाहेरच्या बोळात एक शेगडी होती. तिथं धम्माच्याच खोलीतला चन्नवीर उभा होता, हुमनाबादकडचा लिंगायत, प्लंबर. आम्हाला बघून गडबडला, लुंगी सारखी केली. "बर्री अम्मा, बर्री," असं कानडीत या या म्हणाला. शेगडीशेजारच्या फळीवर आईला डबा दिसला. झाकण काढलं. काळं तिखट, आमच्याच घरचं. शेजारी जाळीच्या पिशवीत कांदे, लसूण.

"बाबा, हितं मी शेगडी पेटवू का?" तिनं चन्नवीरला विचारलं. "सुकट करायची हाय. तुमच्यात चालत न्हाई ना?"

"वास लई येतो अम्मा," तो खरं ते बोलला. "पर शेगडी सगळ्यांची हाय. करा तुमी, मी खिडकीत बसतो." आणि खरंच नाक दाबून खिडकीत जाऊन बसला. जाताना मला म्हणाला, आधी चहा ठेवा, पातेलं ते माझं आहे, स्वच्छ आहे.

आईनं शेगडी पेटवली. चहा केला. चन्नवीरला दिला, मला दिला, धम्माला दिला आणि बोळात फरशीवर मांडी घालून स्वतः प्याली. इतक्या दिवसांत पहिला. पिऊन झाल्यावर कपाळाचं फडकं सोडलं.

"हे कामून लपवलास?"

"लाज वाटली, माय." धम्मा खाली बघून म्हणाला. "तिकडं सगळे म्हणत्यात फ्लॅट हाय, फ्लॅट हाय. मामा काय म्हणले असते?"

"कष्टाच्या खाटंची लाज वाटली तुला. अन् माज्या हातानं चूल शिवू नको म्हणले, त्याची वाटली न्हाई?"

आईनं पीठ मळलं. तवा नव्हता, चन्नवीरच्या कढईच्या पालथ्या बाजूवर जाडजूड भाकरी झाली, सुकट झाली. धम्मा जेवताना रडत होता. मला त्याची कीव आली नाही. मी सरळ सांगते, नाही आली. मला आठवत होती ती उंबऱ्यावरून मागं फिरलेली बाई आणि तिच्या मागं दप्तर घेऊन धावणारा हा.

उरलेले दिवस आम्ही एका स्वस्त लॉजमध्ये काढले. आईनं आणखी काही बघितलं नाही. रोज सकाळी त्या बोळात जायची, शेगडी पेटवायची.

परत आल्यावर आई घरी बॅगही न उघडता मंठाळला निघाली. मी सोबत. वाटेत मी म्हटलं, "माय, थोडं सावरून सांग. खोलीचं सांग, पण ते सराचं कशाला? पोराचं लगीन हाय." ती म्हणाली, "मी पोरीची माय म्हणून गेलते."

मारोतीमामांच्या घरी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा समोर आला. आईनं हात लावला नाही. मामांनी विचारलंच, "तिकडं चहा पिलाव का?"

"घर दावलं तिथं न्हाई पिले. घर न्हाई तिथं पिले." आणि तिनं सगळं सांगितलं. मागून आणलेलं घर, बंद किचन, सरांचा फोन, खाट, शेगडी. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. मी मान खाली घालून बसले होते. मामा ऐकून उलट हलके झाले. "एवढंच ना? हुईल की घर. पोरं परदेशात अशीच ऱ्हात्यात. पिलाव म्हणजे झालं."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात प्रियंका दारातून पुढं आली. दुकानातून आली होती, खांद्याला पर्स तशीच. "बाबा, मी एक विचारू का त्यांना?" तिनं फोन लावला, सगळ्यांसमोर, स्पीकरवर.

"आईंनी सगळं सांगितलं," ती म्हणाली.

"प्रियंका, मी घर घेईन. एक-दोन वर्षं..."

"घराचं ऱ्हाऊ द्या. मी हॉस्टेलात जमिनीवर झोपून शिकलेय. खाटंचं मला काय न्हाई. सर किचन वापरू नका म्हणले, तवा तुमी काय म्हणलाव?"

पलीकडं मोटारसायकलींचा आवाज येत होता. "ठीकाय म्हणलो," तो शेवटी म्हणाला.

"विचारलाव का, कामून म्हणून?"

"अगं, फुकट दिलते त्यांनी घर. त्यांच्या घरात त्यांचं चालणार ना? कुठं भांडत बसू? एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

मी डोळे मिटले. एवढं होऊनही हा हेच बोलतो. शेगडीशेजारी बसून रडला तोच हा. त्याच्या जागी मी असते तर, असं मनात आलं आणि मला माझाच भाऊ परका वाटला.

"उद्या मला कुणी दारात थांबवलं, तर तुमी ठीकाय म्हणणार," प्रियंका म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझं न्हाई म्हणून समजा." आणि फोन ठेवला.

मारोतीमामा उठून उभे राहिले. "पोरी, अगं, काय बोलायलीस? चांगुणाबाई, लेकरू हाय, तुमी मनावर घेऊ नका..." ते माफी मागत होते आणि मला त्यांच्या माफीचाही राग येत होता. इतका चांगला शिकलेला भाऊ, दिसायला चांगला, कमावता, आणि एका शब्दापायी स्थळ गेलं. मी आईकडं बघितलं. वाटलं ती आता पदर खोचून उठणार.

आई उठली खरी, पण दाराकडं गेली नाही. प्रियंकाला म्हणाली, "तुमची चूल कुठाय?" प्रियंकानं आत बोट केलं. आई आत जाऊन बघून आली. कांद्याची टोपली बघितली असावी, कारण बाहेर येताना हाताला टरफल चिकटलेलं होतं. मग "पोरी, बरूबर बोललीस," म्हणत ती खुर्चीवर बसली, समोरचा थंड झालेला कप उचलला, बोटानं साय बाजूला केली आणि सगळा चहा प्याली.